भूकंपाचा धडा शिकवताना: कोल्हापूर परिसरातल्या नव्या शिक्षकांसाठी

आठवी-नववीचा भूगोल पहिल्यांदाच वाट्याला आला असेल तर भूकंपाचा भाग सोपा वाटतो. नाभी (जमिनीखाली भूकंप सुरू होतो ती जागा), अपिकेंद्र (तिच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा), प्राथमिक आणि दुय्यम लहरी, फळ्यावर एक आकृती, खाली दोन प्रश्न. चाचणीत मुलं व्याख्या बरोबर लिहितातही. त्याच मुलांना मधल्या सुट्टीत सहज विचारून बघा. कोयनेला भूकंप का होतात? "धरणाच्या वजनानं जमीन दबती." आपल्याकडं मोठा होईल का? "नाही मॅडम, आपण प्लेटच्या कडंला नाही." कधी होतात? "पहाटे." व्याख्या वहीत राहते आणि घरून आणलेली समजूत जशीच्या तशी डोक्यात राहते.

कोल्हापूरच्या मुलांचं एक वेगळेपण आहे. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिकडचा धक्का जरा मोठा असला की इथेही भांडी वाजतात. घरात आजी-आजोबा १९६७ ची आठवण सांगतात. त्यामुळे भूकंपाबद्दल काहीच माहीत नाही असं मूल इथे सहसा सापडत नाही. प्रत्येकाकडे काहीतरी उत्तर असतंच, आणि त्यात थोडं खरंही असतं. म्हणूनच ते नुसतं "चूक" म्हणून खोडता येत नाही. हा धडा मी ज्या क्रमाने घेते तो खाली देत आहे. चार-पाच तासिका लागतात. वार्षिक नियोजनात तेवढी जागा आधीच ठेवा.

जवळ काय लागेल

- एक वीट, पॉलिश पेपरचे दोन मोठे तुकडे, सुतळी, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी किंवा मजबूत रबर
- भारताचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा, महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा आणि पातळ ट्रेसिंग कागद
- बेसॉल्टचा काळा दगड (जवळच्या खाणीत किंवा बांधकामावर मिळतो) आणि शक्य झाल्यास ग्रॅनाइटचा तुकडा (फरशीच्या दुकानात मागितला तर देतात)
- राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या 'भूकंप' ॲपवरून काढलेली अलीकडच्या धक्क्यांची यादी, छापून
- शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. मुख्याध्यापकांकडे असतो, मागून घ्या
- सराव मैदानावर घेणार असाल तर मुख्याध्यापकांची आधी परवानगी, आणि शेजारच्या वर्गांना आदल्या दिवशी सूचना

१. पहिली तासिका: फक्त विचारा

पुस्तक उघडू नका. प्रत्येकाला अर्धा कागद द्या आणि तीनच प्रश्न विचारा. जमीन का हलते? चित्र काढून दाखवा. आपल्या गावात मोठा भूकंप होऊ शकतो का, आणि तसं का वाटतं? भूकंप सुरू झाला तर तुम्ही काय कराल? वर नाव लिहायला सांगू नका. नाव असलं की मुलं पुस्तकातलं लिहितात.

चित्र नक्की काढायला लावा. शब्दांत "प्लेट सरकतात" लिहिणारं मूल चित्रात लाल रश्श्यावर तरंगणाऱ्या थाळ्या काढतं, तेव्हा त्याची खरी कल्पना कळते. घरी कागद बघून गठ्ठे करा. बहुतेक वेळा असे गठ्ठे पडतात: धरणाचं वजन, खाली उकळता लाव्हा, जमीन दुभंगणं, शेषनाग किंवा देवाचा कोप, पहाटेची वेळ, आणि जनावरांना आधी कळणं. पुढचं सगळं या गठ्ठ्यांवर ठरतं. तुमच्या वर्गात एखादा गठ्ठा नसेल तर ती पायरी गाळा. नसलेली गैरसमजूत शिकवून ती खोडण्यात वेळ घालवू नका.

सांभाळायची गोष्ट: कागद वाचून दाखवताना हसू नका आणि वर्गाला हसू देऊ नका. एकदा हशा झाला की पुढे कुणी खरं सांगत नाही.

२. वीट ओढा

टेबलावर पॉलिश पेपर चिकटवा, दुसरा तुकडा विटेच्या तळाला लावा. विटेला सुतळी, सुतळीला ट्यूबची पट्टी, आणि पट्टीचं टोक एका मुलाच्या हातात. ओढण्याआधी वर्गाला अंदाज लिहायला सांगा: हळूहळू, एकसारखं ओढलं तर वीट कशी सरकेल? बहुतेक जण लिहितात, हळूहळू.

प्रत्यक्षात पट्टी ताणत जाते, वीट जागची हलत नाही, आणि मग एकदम झटक्याने पुढे जाते. पुन्हा थांबते. पुन्हा ताण, पुन्हा झटका. झटक्यांमधलं अंतर मोजायला लावा. ते दर वेळी सारखं येत नाही. भाकीत का करता येत नाही याचं बीज इथेच पडतं.

आता जोडून द्या. पट्टीतला ताण म्हणजे खडकात साठत जाणारी ऊर्जा. पॉलिश पेपरची जागा म्हणजे विभंग, खडकातली अशी भेग जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात. झटका म्हणजे भूकंप. जमीन दुभंगून माणसं गिळते या समजुतीलाही इथेच हात घाला. विटेचा तळ आणि टेबल एकमेकांपासून दूर गेले का? नाही, एकमेकांना घासत सरकले. मोठ्या भूकंपात भेगा पडतात, पण त्या बऱ्याचदा भुसभुशीत जमीन खचल्याने किंवा उतार घसरल्याने पडतात. आपली मुलं उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या हात-हात भेगा बघतात आणि त्यांनाही भूकंपाशी जोडतात. त्या भेगा माती वाळून आकसल्याने पडतात, हे सांगायला विसरू नका.

३. कोयना: इथे घाई नको

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलांसाठी या धड्याचा गाभा हाच आहे, त्यामुळे पूर्ण तासिका द्या.

आधी घटना. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सुमारे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगर परिसरात ६.३ महत्तेचा (महत्ता म्हणजे भूकंप केवढा मोठा त्याचं माप) भूकंप. सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण फुटलं नाही. "तेव्हा धरण फुटलं होतं" असं सांगणारी दोन-तीन मुलं वर्गात असतातच. नंतर धरणाचं मजबुतीकरण झालं.

आता मुलांचं म्हणणं घ्या: पाण्याच्या वजनाने जमीन दबली. पुन्हा वीट काढा. पट्टी ताणलेली पण वीट थांबलेली असताना विटेवर दुसरी वीट ठेवा. वजन वाढलं, मग सरकायला हवी. सरकत नाही, उलट आणखी घट्ट बसते. आता वरची वीट काढा, आणि ओढणाऱ्याने ताण न वाढवता दुसऱ्या मुलाने विटेला बांधलेल्या सुतळीने वीट किंचित वर उचलून धरावी. झटक्यात सरकते. ओढ तेवढीच होती, दाब कमी झाला.

धरणाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खोलवर झिरपतं. तिथे पाण्याचा दाब वाढला की विभंगाच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारा दाब कमी होतो. ताण आधीपासून साठलेला असतो, पाणी त्याला वाट करून देतं. जलाशयाच्या वजनाचाही काही वाटा असतो, पण फक्त वजन हे उत्तर नाही. डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी हा संबंध अनेक दशकं अभ्यासला आहे, आणि कोयना हे जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण आहे. १९८० च्या दशकात वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडेही वाढला. चांदोलीजवळच्या गावांतली मुलं वर्गात असतील तर हे नक्की सांगा.

म्हणजे "धरणामुळे झाला" हे मुलांचं म्हणणं साफ चूक नाही. दोन बाजूंनी फसायला होतं. एक, "धरणाचा काही संबंध नाही" असं म्हणून विषय मिटवणं. ते खरं नाही, आणि आजोबांचं ऐकलेलं मूल तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. दुसरी, "धरण आलं की भूकंप येतो" असं मान्य करून पुढे जाणं. मग राधानगरी आणि काळम्मावाडीजवळची मुलं घाबरतात. जगात हजारो मोठी धरणं आहेत आणि भूकंपांना चालना मिळाल्याची ठिकाणं त्यांतली थोडीच आहेत. खाली विभंग असावा लागतो आणि तो सरकण्याच्या बेतात असावा लागतो, हे विटेवरून मुलं स्वतःच काढतात. काढू द्या.

वरच्या वर्गाची सहल साताऱ्याकडे जाणार असेल तर कराडला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा आहे, हे माहीत असू द्या. कोयना भागात खोल विंधन करून भूकंपाच्या मुळाशी जाण्याचं काम तिथून चालतं. भेट हवी असेल तर शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या.

४. "आपण सुरक्षित पठारावर" आणि "आपल्या खाली लाव्हा"

हे दोन्ही एकाच वर्गात, कधी एकाच मुलाच्या डोक्यात असतात.

पहिल्याला उत्तर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. महत्ता ६.२ च्या आसपास, मृत्यू सुमारे दहा हजार. नकाशावर किल्लारीपासून हिमालयापर्यंतचं अंतर मुलांना मोजायला लावा. हजार किलोमीटरच्या वर येतं. बहुतेक मोठे भूकंप भूपट्टांच्या (प्लेटच्या) सीमेवर होतात हे खरं, पण "बहुतेक" हा शब्द मुलं परीक्षेत गाळतात आणि मग डोक्यातूनही जातो. पट्टाच्या आतल्या भागातही ताण साठतो. भूकंपप्रवण क्षेत्रांच्या २०१६ च्या मानकातल्या नकाशात कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात आणि कोल्हापूर तिसऱ्या क्षेत्रात येतं. तिसरं म्हणजे मध्यम धोका. "धोका नाही" असा त्याचा अर्थ नाही.

लाव्हाची समजूत बेसॉल्टमुळे येते. पन्हाळा, जोतिबा, सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे असं आपणच शिकवतो, आणि मुलं म्हणतात, म्हणजे जोतिबाच्या डोंगराखाली ज्वालामुखी आहे. काळा दगड हातात द्या. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिला आणि थंड झाला. मग विचारा, याच्या खाली काय असेल? कोयनेजवळ सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा जुना, कठीण खडक लागला. आता ग्रॅनाइटचा तुकडा द्या. उकळतं काही नव्हतं.

पुस्तकातल्या पृथ्वीच्या छेदात प्रावरण (कवचाखालचा जाड थर) लाल-केशरी असतं, आणि मुलं लाल म्हणजे पातळ असं वाचतात. प्रावरण तापलेलं आहे, पण जवळजवळ सगळं घन आहे. घन असूनही लाखो वर्षांत अतिशय मंद वाहतं. पुरावा पुढच्या पायरीत.

५. लहरी मुलांकडून करून घ्या

दहा मुलं ओळीत, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. मागून हलका धक्का द्या. धक्का पुढे जातो, मुलं पुढे-मागे हलतात. ही प्राथमिक लहर. आता ओळीतल्या शेवटच्याला कमरेतून डावीकडे-उजवीकडे झुलायला सांगा. हेलकावा पुढे सरकतो, ही दुय्यम. आता खांद्यावरचे हात काढा आणि अगदी जवळ उभं राहायला सांगा. मागून धक्का दिला तर अंगाला अंग लागून तो जातो, बाजूचा हेलकावा मात्र पुढच्यापर्यंत पोचत नाही. द्रवात नेमकं हेच होतं. दुय्यम लहरी प्रावरणातून आरपार जातात, म्हणून प्रावरण घन. बाह्यगाभ्यातून जात नाहीत, म्हणून तो द्रव.

याच तासिकेत गणित करून घ्या. प्राथमिक लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर, दुय्यम साडेतीन. कोयनेपासून आपल्याकडे ९० किलोमीटर धरा. पहिली १५ सेकंदांत येते, दुसरी सुमारे २६. मधले ११ सेकंद. जोरदार हलवणाऱ्या लहरी नंतर येतात हे मुलांना स्वतःच्या हिशेबातून कळतं, आणि जपानसारख्या देशांतली पूर्वसूचना यंत्रणा कशी चालते तेही: भूकंप सुरू झाल्यावर, पहिली लहर पकडून. ती भविष्यवाणी नसते.

६. आकड्यांचा घोळ

महत्ता एकाने वाढली की यंत्रावर नोंदलेली हालचाल १० पट आणि ऊर्जा साधारण ३२ पट. दोनाने वाढली की ऊर्जा हजार पट. हे सांगितलं की एक जुनी समजूत मुलं आपोआप तपासतात: "छोटे धक्के होतात ते बरं, ताण निघून जातो." ६ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४ चे हजार धक्के लागतील. एवढे होतात का? शिवाय किल्लारीला आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, छोटे धक्के जाणवले होतेच.

दुसरा घोळ महत्ता आणि तीव्रतेचा. "कोल्हापुरात ४ चा झाला, कोयनेत ५ चा" असं मुलं म्हणतात. महत्ता एका भूकंपाची एकच असते, तीव्रता, म्हणजे त्या त्या ठिकाणी किती जोरात हललं ते, जागेनुसार बदलते. "रिश्टरवर १० पैकी ६" हेही ऐकू येतं. ही मोजणी दहापैकी नसते. आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप १९६० चा चिलीमधला, ९.५.

७. पहाट, उकाडा, कुत्री आणि फॉरवर्ड

कोयना पहाटे, किल्लारी पहाटे. महाराष्ट्रातल्या घरांत "भूकंप पहाटेचा" हे का रुजलं ते यावरून कळतं. दोन उदाहरणांवरून नियम काढता येतो का, असं विचारा. मग छापील यादी गटांत वाटा आणि वेळेनुसार रेघा मारायला लावा. सगळ्या तासांत रेघा पडतात. भूज २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला, झेंडावंदनाच्या वेळी. नेपाळ २०१५ दुपारी बाराच्या आसपास. उकाड्याची समजूतही याच यादीने तपासता येते, महिने मोजा.

भाकिताबद्दल एखादा हुशार मुलगा म्हणेल, चीनमध्ये तर आधी कळलं होतं. खरं आहे. १९७५ मध्ये हाइचंगला लहान धक्क्यांची मालिका आणि इतर बदल बघून लोकांना बाहेर काढलं गेलं. पुढच्याच वर्षी तांगशानला तशी सूचना देता आली नाही आणि लाखोंचा बळी गेला. दोन्ही घटना एकत्र सांगा. एकटी हाइचंगची गोष्ट सांगितली तर समजूत आणखी पक्की होते. जनावरं कधी कधी आधी बावचळतात. पहिली, हलकी लहर त्यांना माणसांआधी जाणवत असावी, पण कुत्रं भुंकलं म्हणून भूकंप येणार असं म्हणता येत नाही.

"नासाने सांगितलंय, आज रात्री १२ ते ३" असा संदेश दाखवून तीन गोष्टी शोधायला लावा: कुणी म्हटलं, कुठे छापलं, कोणत्या तारखेचं. मुलं हे घरी जाऊन पालकांच्या फोनवर करतात, आणि तेच हवं आहे.

८. शेषनाग आणि रंकाळा

पृथ्वी शेषाच्या फण्यावर आहे ही गोष्ट मूल आजीकडून ऐकतं. तिला वर्गात खोटं ठरवू नका. आजीला खोटं पाडणारा शिक्षक मुलाला नको असतो. ज्या काळी यंत्रं नव्हती त्या काळी लोकांनी जमिनीच्या हलण्याला दिलेलं ते स्पष्टीकरण आहे, एवढं म्हणा, आणि विचारा: किल्लारी हलली तेव्हा चेन्नई का कोसळली नाही? पुढचं मुलं बोलतात.

रंकाळा दगडाच्या खाणीच्या जागी भूकंपानंतर पाणी भरून झाला, असं परंपरेने सांगतात. पुरावा म्हणजे काय हे शिकवायला याहून जवळचं काही नाही. हे खरं मानायला आपल्याला काय काय सापडायला हवं, याची यादी करायला सांगा. उत्तर तुम्ही देऊ नका.

९. सराव

पहिल्या तासिकेतला तिसरा प्रश्न आता काढा. बहुतेकांनी "पळत बाहेर जाईन" लिहिलेलं असतं. शाळेत जिन्यावर चेंगरून इजा होते, म्हणून हलणं चालू असताना पळायचं नाही. बाकाखाली बसा, डोकं-मान झाका, बाकाचा पाय धरून ठेवा. बाक नसतील तर खिडक्या आणि कपाटांपासून दूर आतल्या भिंतीजवळ बसून दप्तर डोक्यावर. हलणं थांबल्यावर रांगेने मैदानात. चौकटीत उभं राहणं हा जुना सल्ला सोडा.

घरचा भाग वेगळा. किल्लारीत जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीच्या वजनदार माळवदांनी माणसं गाडली गेली. पेठांतल्या जुन्या वाड्यांत, गावाकडच्या दगड-मातीच्या घरांत राहणारी मुलं तुमच्या वर्गात आहेत. अशा घरात तळमजल्यावर दार दोन-चार पावलांवर असेल तर बाहेर मोकळ्यावर जाणं बरं. सिमेंट-सळईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर आतच टेबलाखाली. लिफ्ट नको, गॅस बंद. दोन्ही प्रकारच्या घरांसाठी एकच सूचना देऊ नका. प्रत्येकाने आपल्या घराचा आराखडा काढून पलंगावर पडू शकणाऱ्या वस्तूंवर फुली मारावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

अचानक "भूकंप!" म्हणून ओरडून सराव घेऊ नका. लहान मुलं खरंच घाबरतात, आणि दुसऱ्या वेळी कुणी मनावर घेत नाही.

१०. खरा धक्का जाणवला तर

दुसऱ्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवा. मुलांना आठवण ताजी असतानाच लिहायला सांगा: कुठे होतात, कितव्या मजल्यावर, काय हललं, किती वेळ. सगळ्यांची ठिकाणं ट्रेसिंग कागदावर मांडा, शुक्रवार पेठ, कदमवाडी, उचगाव, जिथली असतील तिथली. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर आणि खडकावरच्या घरांत जाणवण्यात फरक दिसतो का ते बघा. मग अधिकृत महत्ता, नाभीची खोली आणि अपिकेंद्र यादीतून काढून शेजारी लिहा. त्या आठवड्यात पहिल्या तासिकेचे तीन प्रश्न पुन्हा द्या, तसेच, नावाशिवाय, चित्रासकट. जुन्या गठ्ठ्यांशेजारी नवे गठ्ठे ठेवा. जो गठ्ठा अजून जाड असेल त्याचीच पायरी पुन्हा घ्या, आणि तो गठ्ठा पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या बाकी शिक्षकांपुढे घेऊन जा.